कंपनीनं दिली तशी गाडी

रत्नागिरी
शिमगा तोंडावर आला आहे

ती. यमुनावन्सं यांना दर्शनाचा वाकून नमस्कार पोचावा. ती. आप्पांनाही तसाच. दोघांच्या प्रकृतीचं सविस्तर कळवा, नुसतं 'बरं आहे' लिहू नका. तुमचं 'बरं आहे' म्हणजे काय काय असतं ते मला माहीत आहे.

तुम्ही दाभोळहून एसटीनं पाठवलेली पिशवी सोमवारी पावली. आत निघालं ते असं: सोडे, अगदी एकेक निवडलेले, सुकटीचा पुडा, सुके बांगडे (किती ते लिहीत नाही, कारण मी मोजायच्या आधी तुमच्या बंधूंनी पिशवीत हात घातला होता), नारळ चार, आणि करवंदाच्या लोणच्याची बरणी, झाकण शाबूत. पार्सलाचं भाडं तुम्ही तिकडेच भरलंत ते चुकीचं केलंत, पण भरलंत. डेपोपासून घरापर्यंत रिक्षावाल्यानं साठ घेतले आणि वर वासाचे म्हणून वेगळे दहा मागितले. मी म्हटलं, वास काय मी एकटीनं घेतला, तूही घेतलास की. पाचावर मिटलं. वहीत 'रिक्षा ६०, वास ५' असं लिहिलं आहे.

आता मुख्य विषय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच 'बरं बरं, ठेवते' म्हणता, आणि ही गोष्ट मध्येच ठेवण्यासारखी नाही. तर वन्सं, आमच्या घरात सध्या एकच प्रश्न आहे: आपली पांढरी गाडी कंपनीनं दिली तशी आहे का? शिमग्याच्या आधीच्या रविवारपर्यंत ती तशी झाली, तर तुमची भाची दिशा तिच्या वर्गात धावणार. नाही झाली तर कधीच नाही, कारण यंदाचा आंबा उतरला की गाडी विकायची आणि पिकअप घ्यायचा हे तुमच्या बंधूंचं ठरलं आहे, गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. पोरीच्या हातात हा एकच रविवार आहे.

'धावणार' वाचून घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. दिशा पतपेढीत लागल्यापासून तिथल्या कोणाच्या तरी ओळखीनं एका हौशी गाडीवाल्यांच्या मंडळात जायला लागली. मंडळाचं काम असं की पालीच्या अलीकडे एका बंद कारखान्याचं मोठं सिमेंटचं आवार आहे, तिथे लाल रंगाचे रबरी शंकू मांडायचे (रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात तेच) आणि त्यांच्या मधून वळणंवळणं घेत गाडी काढायची. याला ऑटोक्रॉस म्हणतात. एका वेळी एकच गाडी, त्यामुळे कोणी कोणाला धडकत नाही. शर्यत घड्याळाशी. शंकू पडला किंवा आपल्या जागेवरून हलला तर वेळेत दोन सेकंद वाढवतात. वेग म्हणाल तर आपला दाभोळचा एसटीवाला घाटात याहून जास्त मारतो. डोक्यावर हेल्मेट, पट्टा बांधलेला, रुग्णवाहिका उभी. मी हे सगळं स्वतः विचारून घेतलं, आणि मगच 'जा' म्हटलं. (ती त्याआधी दोनदा जाऊन आली होती हे मला नंतर कळलं.)

मंडळाकडे गाड्यांचे वर्ग आहेत, शाळेसारखे. सगळ्यात खालचा वर्ग स्टॉक. म्हणजे गाडी कंपनीनं दिली तशीच असायला हवी. त्याच्यावरचे वर्ग ज्यांनी गाडीत भर घातली आहे त्यांचे, आणि सगळ्यात वरच्या वर्गातल्या गाड्या बघितल्यात तर त्या मुळात कुठल्या होत्या हे त्यांच्या मालकालाही आठवत नसेल. आपली पांढरी स्टॉकमध्ये जाणार हे उघडच होतं. तिच्यात भर घालण्याइतकं कोणी तिच्याकडे बघितलेलंच नाही. तरीपण नियमांची पुस्तिका मी दिशाकडून मागून घेतली, दुपारी भांडी झाल्यावर चष्मा लावून बसले आणि वन्सं, काय सांगू, मला ती पुस्तिका इतकी आवडली की पोथी सोडून दोन दिवस तीच वाचली. (देवाला सांगून.)

कारण ते सगळं थेट उपासासारखं आहे. एकादशीला साबुदाणा चालतो, रताळं चालतं, वरी चालते. मग 'गव्हानं काय घोडं मारलंय' असं कोणी विचारत नाही. चालतं त्याची यादी आहे, यादीत नाही ते चालत नाही, संपलं. इथेही पहिल्याच पानावर हेच लिहिलंय: ज्याची परवानगी लिहिलेली नाही ते मना समजावं. मग यादी. टायर नवे घाला, पण चाकाचा आकार तोच. शॉकअब्सॉर्बर बदला, स्प्रिंगला हात लावायचा नाही. ब्रेकचे पॅड हवे ते. एअर फिल्टरच्या आतला भाग बदला, त्याचा डबा मात्र तोच. सायलेन्सरचं मागचं टोक बदललं तर चालतं. स्टेपनी आणि जॅक काढून ठेवता येतात. सीटा, खालचा गालिचा, दाराचं आतलं अस्तर जिथल्या तिथे. आणि सुखसोयीसाठी गाडीत काहीही घाला, फक्त त्यानं गाडी जास्त पळता कामा नये. या शेवटच्या कलमावर मी बराच वेळ विचार केला. आपल्या घरात लग्न झाल्यापासून सुखसोयीसाठी जे जे आणलं त्यानं काहीही कधीच जास्त पळालेलं नाही, तेव्हा तिथे आपल्याला भीती नव्हती.

दिशाला टायर घ्यायचे होते. मी विचारलं, परवानगी आहे म्हणून घेतलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? तिनं पुस्तिका पुन्हा वाचली. नव्हतं लिहिलेलं. फक्त एक सवलत मी लगेच घेतली. टायरात हवा किती भरायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हवा फुकट आहे.

मग माझ्या मनात एकेक शंका यायला लागली, आणि पुस्तिकेच्या मागे तपासनिसाचा नंबर होता. हा सर्वेश, खेडचा, स्वतःचं गॅरेज आहे, दिशापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. गुणी मुलगा, माझे सगळे फोन घेतले. डॅशबोर्डवर गणपती आहे, तो चालेल का? चिकटवलेला आहे का, म्हणाला. मी म्हटलं, गेली बारा वर्षं. मग तो सुखसोयीत बसतो म्हणाला. (मला बरं वाटलं. आपण एवढी वर्षं त्याला काय काय समजत आलो, पण सुखसोय हे खरंच आहे.) पुढे बांधलेली काळी बाहुली? तिनं झाला तर वाऱ्याला अडथळाच होईल, असू दे. कप्प्यातली अंगाऱ्याची पुडी? ती सुटी वस्तू, सुटं काही गाडीत ठेवायचं नाही, वळणावर उडतं. मग दिशाच्या खिशात ठेवली तर? त्यावर तो म्हणाला, "काकू, ड्रायव्हरच्या खिशाबद्दल पुस्तिकेत काही नाही." मी लगेच म्हटलं, "लिहिलेलं नाही ते मना ना?" तर म्हणाला, "काकू, गाडी तुम्ही चालवणार की दिशा?" मुलगा कंटाळला होता, पण आवाज चढवला नाही.

मला अजून एक कोडं सुटलेलं नाही. स्टेपनी काढलेली चालते, जॅक काढलेला चालतो. तोही कंपनीनंच दिलेला ना? मग त्याला का सूट? सर्वेश म्हणतो, त्या वस्तू उडण्याची भीती. पण स्टेपनी तर बोल्टानं आवळलेली असते! बघा, तुमच्या सासरी उपासाला जिरं चालतं, माझ्या माहेरी चालत नाही, त्यातलाच हा प्रकार असावा. ज्यानं पहिल्यांदा यादी केली त्याच्या घरची रीत.

असो. सगळ्या शंका फिटल्यावर गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन नवलाईच्या देवळात गेलो. कौल लावल्याशिवाय मी पोरीला त्या शंकूंमध्ये सोडणार नव्हते. भिकाजी गुरव तुम्हाला आठवत असेल, आता कान जरा कमी झालाय पण आवाज तोच. मला म्हणाला, "गो बाय, नक्की मागायचा काय ता सांग. पयला नंबर?" मी म्हटलं, नंबराचं तिच्या नशिबावर, शंकू पडायला नकोत. "शंकू म्हणजे?" मी सगळं समजावलं. स्टॉक वर्गसुद्धा समजावला, कारण देवीपुढे अर्धवट सांगून कसं चालेल. त्यानं डोळे मिटून ऐकलं, नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते.

"हे नवलाई माते, आज ही तुझी लेक तुझ्या दारात उभी हाय. तिची गाडी कंपनीन दिली तशी हाय. तिच्यात हेनी काय घातला नाय नि काय काढला नाय. सचोटीन चालली हाय. तर तिच्या वाटेतलो शंकू बाजूला कर..." इथे दिशा त्याच्या कानाशी जोरात म्हणाली, "काका, शंकू बाजूला नको! हलला तर दोन सेकंद जातात." भिकाजीनं एक डोळा उघडला, मिटला, आणि म्हणाला, "शंकू हाय थय ऱ्हाऊ दे, गाडीच बाजूला कर, नि पोरीला यश दे!" आम्ही सगळे म्हणालो, होय महाराजा. तुमचे बंधू एरवी देवळात तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, पण 'काय घातलं नाही आणि काय काढलं नाही' याला त्यांनी माझ्यापेक्षा मोठ्यानं 'होय महाराजा' म्हटलं. फूल उजवीकडे पडलं. मी निर्धास्त झोपले.

रविवारी सकाळी पालीला पोचलो तर तपासणीला गाड्यांची मोठी रांग. मला ते ठिकाण फार आवडलं. मुलं गुडघ्यावर बसून टायरच्या कडेला खडूनं पांढऱ्या रेघा ओढत होती. मला वाटलं हेही पूजेचं काही असेल, म्हणून मी पर्समधली कुंकवाची डबी काढून आपल्या चारी टायरांना बोट लावलं. मग एकानं सांगितलं की वळणावर टायर किती कलंडतो ते खडू किती पुसला गेला त्यावरून कळतं, आणि त्यावरून हवा कमीजास्त करायची. किती साधी युक्ती! मी त्याला विचारलं, कुंकू पुसलं गेलं तरी कळेल ना? म्हणाला, "कळेल, काकी, चांगलंच कळेल." मी माझ्या बोटावर खूश होते. तेवढ्यात सर्वेश बॅटरी घेऊन आपल्या गाडीखाली शिरला.

बराच वेळ बाहेर आला नाही. मग आतूनच आवाज आला, "काकू, स्प्रिंगमध्ये हे काय आहे?"

मी म्हटलं, रबर.

"कसलं?"

मी म्हटलं, "आंब्याचं."

वन्सं, तुम्हाला माहीत आहे, मागे पेट्या भरल्या की गाडीचं बूड टेकायचं. म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाड रबराचे तुकडे बसवून घेतलेत. आपल्याकडे आंबेवाल्यांपैकी कोणाच्या गाडीत ते नाहीत! सर्वेश बाहेर आला, अंग झटकलं (अंगाला पेंढा लागला होता, पेट्यांतला, तो त्या गाडीत कुठेही सापडतो) आणि म्हणाला की हे स्प्रिंगमधलं मॉडिफिकेशन झालं. तुमचे बंधू पुढे सरसावले. म्हणाले, "मॉडिफिकेशन ते मुंबईवाल्यांचं. आम्ही केली ती सोय." सर्वेश म्हणाला, "काका, सोयीनं गाडी वर उचलली गेलीय." मग टपावरचं कॅरिअर. तेही आंब्याचं. मग मागच्या बाजूला ठोकलेली फणसाची फळी. तीही. त्याच्या हातातल्या कागदावर एकेक ओळ वाढत होती. मी दोन दिवस पुस्तिका वाचली होती, गणपती विचारला, बाहुली विचारली, पोरीचा खिसासुद्धा विचारला, पण गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाबद्दल एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आणि मग त्यानं मागचं दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "मागची सीट कुठाय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. खरं सांगते, तिथे सीट असते हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तुमचे बंधू म्हणाले, "सीट कशाला? तिथे पेट्या असतात." मागे उभी असलेली सगळी पोरं हसायला लागली. दिशा तेवढी हसली नाही. ती हेल्मेट हातात घेऊन नुसती उभी होती, आणि लहानपणी गॅदरिंगमधून नाव कापलं गेलं तेव्हा दिसली होती तशीच दिसत होती.

मी सर्वेशशी भांडले नाही, पण माझी शंका विचारली. मागची सीट काढल्यानं आपला फायदा तो काय? तो म्हणाला, गाडी हलकी होते, लोक मुद्दाम काढतात आणि त्यासाठी वरच्या वर्गात जातात. मी म्हटलं, अरे, आम्ही हलकी करायला नाही काढली, जड करायला काढली! त्या जागी आम्ही दहा-बारा पेट्या ठेवतो. हवं तर सीटच्या वजनाइतका नारळांचं पोतं ठेवते. "काकू, पोतं सुटी वस्तू." बांधून ठेवते. "बांधलेलं पोतं यादीत नाही." आता मीच त्याला ही यादीची शिस्त फोनवर ऐकवली होती, मी काय बोलणार? वरच्या वर्गात धावायला तो देत होता, पण तिथे ज्या गाड्या उभ्या होत्या त्यांच्यापुढे आपली पांढरी म्हणजे लग्नाच्या वरातीत चुकून शिरलेली दुधाची सायकल. शेवटी त्यानं पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "एक करतो. दिशाची वेळ धरतो, वर्ग धरत नाही. महिन्यानं शेवटची फेरी आहे. तोवर गाडी कंपनीनं दिली तशी करून आणा."

आणि वन्सं, पोर काय धावली म्हणून सांगू! बाकीची पोरं वळणावर टायर किंचाळवत होती, स्टिअरिंग गरागरा फिरवत होती. आपली दिशा अशी गेली की जणू मागे हापूसच्या पेट्या आहेत आणि एक फळ डागलं तर बापाची बोलणी खावी लागणार. सगळं अलगद, कुठे धक्का नाही, ब्रेक आधी, वळण मग. ही काय शर्यत, असं मला वाटलं. पण घड्याळ बघितलं तर स्टॉक वर्गात जो पहिला आला त्याच्याहून तिची वेळ कमी. एकही शंकू हलला नाही. भिकाजीचं गाऱ्हाणं तेवढं पोचलं होतं. टायरवरचं कुंकू अगदी बरोबर काठापर्यंत पुसलं गेलं होतं, तेही तो खडूवाला मुलगा मुद्दाम येऊन सांगून गेला.

पण लगेच मागे कुजबुज. सीट नाही ना, म्हणून. हलकी गाडी, कोणीही पळवेल. दिशानं ते ऐकलं. रात्री जेवताना म्हणाली, "आई, सीट असती तरी मी पहिली आले असते की नसते? मला हे कळायलाच हवं." मी तिला समजावणार होते, पण मलाही तेच हवं आहे. पहिली आली तर मंडळाच्या खर्चानं कोल्हापूरच्या मोठ्या स्पर्धेला पाठवतात ते निराळं. पण एक मागची सीट पोरीच्या किती सेकंदांची मालकीण आहे, हे कळल्याशिवाय आता मला झोप लागायची नाही.

आणि देवीचं काय? देवळात उभं राहून आम्ही 'काय घातलं नाही, काय काढलं नाही' याला होकार भरला, आणि गाडीत घातलेल्याची आणि काढलेल्याची यादी त्या मुलाच्या कागदावर मावेना. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच भिकाजीकडे गेले. म्हटलं, खोटं बोललो आपण, आता काय प्रायश्चित्त? तो खोबरं चावत होता. म्हणाला, "तुला तेव्हा ठाव होता?" नव्हतं. "मग खोटा कसा? आता ठाव झाला ना, आता खरा कर." म्हणजे प्रायश्चित्त नाही, पण काम लागलं.

त्या दिवसापासून घरात कंपनीनं दिली तशी गाडी करणं चालू आहे. रबरं निघाली. ती निघताना गाडी हळूच खाली बसली, एखादी बाई दिवसभरानंतर पाटावर टेकते तशी. कॅरिअर उतरलं, त्यावर आता मी गोधड्या वाळत घालते. फळी उखडली. पेंढा काढायला दिशा आणि मी दोन संध्याकाळ बसलो, आणि त्यात गेल्या वर्षीच्या आंब्याची एक बाठ मिळाली, तिला कोंब आला होता. (कुंडीत लावली आहे. ती काही कंपनीनं दिलेली नाही.) राहिली सीट. सीटसाठी मी आणि दिशा खेडला भंगारवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे सीटांचा डोंगर, पण आपल्या गाडीच्या खोबणीत बसेल अशी एक नाही. एक जवळपास होती, तिला कड्या वेल्ड कराव्या लागल्या असत्या, आणि वेल्डिंग म्हणजे पुन्हा मॉडिफिकेशन. वर त्यानं किंमत सांगितली ती ऐकून मी म्हटलं, एवढ्यात मी उभीच राहीन.

तुमच्या बंधूंचं म्हणणं, आपली मूळ सीट माळ्यावर आहे. 'मी स्वतः टाकली असणार', असं ते म्हणतात. त्यामुळे ते रोज संध्याकाळी शिडी लावून वर चढतात आणि एकेक वस्तू खाली देतात. आतापर्यंत दोन फुटके हंडे, शिलाई मशीनचा पाय, तुमच्या लग्नातला एक पेट्रोमॅक्स आणि मुंबईला जाताना कोणीतरी ठेवून गेलेली एक कुलूपबंद ट्रंक, एवढं मिळालं. सीट नाही. पण शोध चालू आहे.

बाकी सर्व क्षेम. दिशा तुम्हाला नमस्कार सांगते. शिमग्याला पालखी नाचवायला तरी या, तेवढाच जीव रमेल. पत्र फार लांबलं, हात दुखला, इथेच थांबवते.

आपली लाडकी
सौ. दर्शना

ता. क. लोणच्याची बरणी रिकामी झाली की धुऊन, त्यात आमसुलं भरून पाठवते.

ता. क. २. वन्सं, आता राहवत नाही म्हणून लिहिते. सीट माळ्यावर नाही. ती तुमच्या ओटीवर आहे. पेट्यांसाठी ती काढली त्या वर्षी तुम्ही गौरींना आला होतात, पडवीत ती उभी करून ठेवलेली बघितलीत आणि म्हणालात, आमच्या ह्यांना ओटीवर टेकायला किती छान होईल. तुमचे बंधू तेव्हा बागेत होते, मी लगेच 'घेऊन जा' म्हटलं आणि तुम्ही ती टेम्पोत घालून नेलीत. माहेरवाशिणीला दिलेली वस्तू परत मागायची नसते हे मला कळतं. हे पत्र इतकं लांब का झालं तेही आता तुम्हाला कळलं असेल. पण देवीपुढे बोललेलं खरं करायचं आहे आणि पोरीचा एकच रविवार आहे. तेव्हा हे वाचताना तुमच्यापैकी जे कोणी तिच्यावर बसलं असेल त्यांनी कृपा करून उठावं. दाभोळ-रत्नागिरी गाडीच्या टपावर ती सहज मावेल. तुम्ही शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर काढू नका. कव्हर सुखसोयीत बसतं, मी सर्वेशला विचारून ठेवलंय. (सीट कोणाची ते सांगितलं नाही.)

ता. क. ३. आप्पांची अडचण होऊ नये म्हणून आमच्याकडची आरामखुर्ची उद्याच्याच एसटीनं पाठवते आहे. ती पोचेपर्यंत त्यांना उठवू नका. आप्पांना सांगा, सीट एका रविवारपुरतीच हवी आहे. दिशा पहिली आली तर कोल्हापूरचा रविवार धरून दोन होतील, पण ते आताच सांगू नका.

ता. क. ४. सीट कधीच्या गाडीनं निघेल ते उलट टपाली पत्रानंच कळवा. फोन मुळीच करू नका. फोन तुमचे बंधू उचलतात, आणि तो माळा गेली अठरा वर्षं मी त्यांना साफ करायला सांगते आहे. आता कुठे अर्धा झालाय.